जात्यासकट आवाज

फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मी रात्री घरी येऊन ऐकलं. आजींचा आवाज होता, शब्दही बऱ्यापैकी कळत होते, पण जातं नव्हतं. दुपारी त्यांच्या सोप्यात मी जात्यापासून दीड हातावर बसले होते. दगडाची घरघर सारवलेल्या जमिनीतून माझ्या अंगात चढत होती. फोनमध्ये मात्र आजी एखाद्या बंद खोलीत एकट्याच गात असल्यासारख्या वाटत होत्या. ओळ संपताना त्यांचा आवाज खाली उतरून दगडात मिसळायचा, नेमका तिथेच तो कुणी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा नाहीसा होत होता.

फोन बिघडलेला नव्हता. त्याला जे शिकवलेलं आहे, ते त्यानं चोख केलं होतं. फोन माणसांच्या बोलण्यासाठी घडवलेला असतो. पंखा, गाडीचं इंजिन, रस्त्यावरची रहदारी असा एकसारखा चालू राहणारा आवाज आला, की तो गोंगाट समजायचा आणि दाबून टाकायचा, हे काम त्याच्यातली आज्ञावली न सांगता करत असते. जातं एकसारखं फिरतं. त्यामुळे फोनच्या लेखी जातं म्हणजे पंखाच. आजी खालच्या पट्टीत दगडाला लगटून गायला लागल्या, की दगडाबरोबर त्यांचाही आवाज तो खरवडून काढत होता.

मी भोरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांकडच्या ओव्या आणि बोलीतले शब्द जमवायचं काम काही वर्षं रविवारी आणि सुट्टीत करते आहे. सुरुवातीला वहीच होती. वहीत ओवी उतरते, पण तिची चाल उतरत नाही. चाल उतरवायला फोन घेतला, तर ही गत. तेव्हा 2019 सालच्या उन्हाळ्यात ठरवलं की आवाज टिपायचं वेगळं, हातात मावणारं यंत्र घ्यायचं. माझी मर्यादा होती दहा हजार रुपये.

यंत्राची गोष्ट सांगण्याआधी जात्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझी सगळी निवड त्याच्यावरूनच झाली. ओवी ही जात्यावर म्हणायची गोष्ट आहे, म्हणजे ती जात्याच्या हाती आहे. खुंटा पुढे रेटताना आवाज चढतो, मागे ओढताना श्वास घेतला जातो. दाण्यांची मूठभर वैरण जात्याच्या तोंडात टाकायला एक हात सुटला, की ओळ क्षणभर थांबते. दगडाखाली दाणे भरपूर असले की जातं जड आणि दबक्या आवाजात फिरतं, दाणे सरत आले की दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज येतो. गाणारी बाई त्या आवाजावर वैरण कधी घालायची ते ठरवते. नुकतीच टाकी लावलेल्या जात्याचा आवाज वेगळा, वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेल्या जात्याचा वेगळा. आजी ओवी म्हणतात तेव्हा गाणारे दोघे असतात, आणि फोननं त्यातल्या एकाला बाहेर काढलं होतं.

हे काम करणारी मी पहिली नाही. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून अनेक सहकाऱ्यांच्या साथीनं एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांनी त्यांच्याबरोबर गावोगाव जाऊन ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं, आणि 2017पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर तो खजिना सगळ्यांना खुला झाला. पण त्या लाखभर ओव्यांतल्या बहुसंख्य कागदावर आहेत, आवाजात आहेत त्या फार थोड्या. हे कळल्यावर मी अस्वस्थ झाले होते. त्या काळी चांगली ध्वनिफीत आणि ती चालवणारं यंत्र वाडीवर नेणं किती खर्चाचं आणि कष्टाचं असेल! आज ते काम माझ्या पगारात बसतं. मग मी ते वाईट यंत्रावर का करावं, असं मला वाटत राहिलं.

तरी पहिलं यंत्र मी विकत घेतलं नाही. एका परिचितांकडून चार दिवसांसाठी मागून आणलं. ही आठवण लिहिताना आजही हात जड होतो. दुसऱ्या एका वाडीत सत्तरीच्या पुढच्या एक आजी होत्या. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांच्याकडे जितक्या होत्या, तितक्या मी कुणाकडेच ऐकल्या नव्हत्या. मी बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावरच्या पट्ट्या त्यांच्या आवाजाबरोबर वरखाली होत होत्या. मी निश्चिंत होऊन ऐकत बसले. पाऊण तासानं बंद करायला गेले, तर आकडा शून्यावरच होता.

त्या यंत्रात बटण पहिल्यांदा दाबलं की ते फक्त तयारीत राहतं. दिवा लुकलुकतो, पट्ट्या हलतात. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि नोंद सुरू होते. ही सोय मुद्दाम दिलेली असते, म्हणजे आधी आवाजाची पातळी बघून घेता येते. अशी पद्धत बऱ्याच यंत्रांत आहे, मला ती ठाऊक नव्हती. आजी दमल्या होत्या. “आता न्हाई बाई, पुन्यांदा ये,” म्हणाल्या. मी पावसाळ्यानंतर गेले, तेव्हा त्या नव्हत्या. त्यांच्या चारपाच ओव्या वहीत आहेत, बाकी काही नाही.

तेव्हापासून यंत्र कुठलंही असो, दिव्यावर माझा भरवसा नाही. सेकंदांचा आकडा पळताना दिसला की मगच मान वर करायची.

विकत घ्यायची वेळ आली तेव्हा सल्ले पुष्कळ मिळाले. लग्नाचे व्हिडिओ करणारा एक माजी विद्यार्थी म्हणाला, मोठं घ्या, चार ट्रॅकचं, बाहेरचे माइक लावता येतात. ते माझ्या मर्यादेत बसत नव्हतं, आणि वायरींचं जंजाळ घेऊन सोप्यात शिरलं की आजी गाणं विसरून त्या वायरींकडेच बघत बसतात. दुसऱ्या टोकाला वार्ताहर वापरतात तसे खिशातले व्हॉइस रेकॉर्डर होते. सोनीचा पीएक्स 470 माझ्या एका मैत्रिणीकडे आहे. चार जीबी साठवण आतच असते, जोडणी अंगातच असल्यानं थेट संगणकाला खुपसता येतो, आणि खिशात जड होत नाही. मुलाखतीसाठी आणि बोलीतले शब्द विचारायला जायचं असेल, तर मी आजही कुणालाही असंच यंत्र सुचवीन. मला गाणं हवं होतं, आणि गाण्यामागचा दगडही. म्हणून मधल्या गटातली दोन यंत्रं उरली: झूमचं एच-1-एन आणि टॅस्कॅमचं डीआर-05-एक्स.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून सेल आणि मेमरी कार्ड घेऊन मी एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. तिथे दोन्ही यंत्रं उघडून दाखवायची तयारी होती. दुकानदारांनी खोक्यावरचे आकडे वाचायला सुरुवात केली, 24 बिट, 96 किलोहर्ट्झ. दोन्हींवर तेच आकडे होते. माणसाच्या कानाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि तेवढं टिपायला 44.1 किंवा 48 पुरतं. ध्वनिसंग्रहालयांच्या ‘इयासा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जतनासाठी किमान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट सांगितलं आहे, ते ही स्वस्त यंत्रंही सहज देतात. त्यामुळे आकड्यांवरून निवडण्यासारखं काहीच नव्हतं.

मी विचारलं, “दुकानातली सगळ्यात शांत जागा कुठली?” त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा, पण त्यांनी मागच्या गोदामाचं दार उघडून दिलं. कानावर हेडफोन चढवले, पातळी जवळजवळ पूर्ण वाढवली आणि न बोलता उभी राहिले. मला आवाज ऐकायचा नव्हता, यंत्राची स्वतःची सळसळ ऐकायची होती. माइकमधून येणारा अगदी बारीक संकेत मोठा करताना यंत्राचं सर्किट त्यात आपली एक सूंऽऽ मिसळतं. स्वस्त यंत्राचं लंगडेपण असेल तर ते इथे असतं. बँडचा ताशा टिपायचा असेल तर ती सूं कुणाला ऐकूही येणार नाही. माझ्या आजी ऐंशीच्या घरातल्या, दम लागलेल्या, कधी फक्त ओठांत गुणगुणणाऱ्या. त्यांचा आवाज या सळसळीच्या वर राहतो का, एवढंच मला बघायचं होतं. मी दुकानदारांना हातभर अंतरावर उभं करून कुजबुजायला सांगितलं. ते बिचारे आपल्या दुकानाचा पत्ता कुजबुजत राहिले. दोन्ही यंत्रांत शब्द न् शब्द नीट आला.

त्या गोदामात एक गोष्ट मला पक्की कळली. हातभरावरून कुजबुज स्वच्छ येत होती, तीच चार हातांवरून सळसळीत बुडत होती. अंतर अर्धं केलं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे सहा डेसिबलनं वाढतो, यंत्राची सूं मात्र आहे तेवढीच राहते. दुप्पट किमतीचं यंत्र घेऊन जे मिळवायचं, त्यातलं बरंचसं नुसतं जवळ सरकून मिळतं. पैसे कमी असणाऱ्या कुणालाही मी पहिल्यांदा हेच सांगते.

मग निवड कशावरून? माइक कुठल्या दिशेनं ऐकतात, त्यावरून. झूमचे दोन माइक एकमेकांना काटकोनात छेदणारे असतात. समोरचं ते नेमकं आणि छान टिपतात, मागचं कमी घेतात. एकच गायिका समोर बसून गाणार असेल, तर ते उत्तम. टॅस्कॅमचे दोन्ही माइक सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकतात. यात धोका उघड आहे. कोंबडी, मोटारसायकल, शेजारच्या घरातला टीव्ही, सगळं येणार. पण जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात असतात, एकीनं ओळ म्हटली की दुसरी ती उचलते, आणि मध्ये दगड. यंत्राचं तोंड एकीकडे केलं की दुसरीकडे त्याची पाठ होते. मला पाठ नको होती. शिवाय सगळीकडून ऐकणारा माइक वाऱ्याला आणि तोंडाच्या फुंकरीला कमी दबकतो. मी टॅस्कॅम घेतलं. दोन पेन्सिल सेलवर ते दिवसभर चालतं. हे महत्त्वाचं, कारण पेन्सिल सेल वाडीवरच्या दुकानातही मिळतात. झूमला रिमोटचे बारीक सेल लागतात, तेही मिळतात, पण दर वेळी मिळतीलच असं नाही.

आणखी एक छोटी गोष्ट होती, जी मी दुकानात मोजलीच नव्हती. यंत्राला अंगचाच एक लहान स्पीकर आहे. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण गाणं झाल्यावर तिथल्या तिथे ते ऐकवता येतं. ज्या आजींचं फोनमध्ये जातं हरवलं होतं, त्यांना मी पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा त्या बराच वेळ यंत्राकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, “माझी आय अशीच म्हनायची. ह्यो तिचाच गळा हाय.” त्यांच्या आईला जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

यंत्र हातात आल्यावरही शिकणं संपलं नाही. पहिल्या वेळी मी ते जात्याशेजारी जमिनीवर ठेवलं. घरी ऐकलं, तर गाण्याखाली धडधड, जणू कुणी दार ठोठावतंय. दगडाचा हादरा जमिनीतून थेट यंत्राच्या अंगात शिरत होता. आजींच्याच गोधडीच्या चार घड्या करून त्यावर यंत्र ठेवलं, तेव्हा हादरा गेला आणि घरघर हवेतून आली तेवढीच राहिली. तेव्हापासून मी प्रत्येक घरात आधी गोधडी मागते. जाड आवाज कापणारी एक सोय या यंत्रांत असते, बोलण्याच्या मुलाखतीला ती उपयोगी, पण जात्याजवळ मी ती कधीच चालू करत नाही. दगडाचा अर्धा जीव त्या जाड आवाजात आहे.

पातळी आपोआप ठरवणारी सोयही बंद. ती चालू असली की वैरण घालायला गाणं थांबतं तेव्हा यंत्राला वाटतं, आवाज कमी झाला, वाढवा. मग त्या दोन क्षणांत गोठ्यातली गाय, चुलीतलं लाकूड, बाहेरचा कुत्रा हे सगळं फुगून वर येतं, आणि पुढच्या ओवीचा पहिला शब्द त्यावर आदळून दबतो. मी आधी दोन ओव्या नुसत्या म्हणायला लावते, आवाज सगळ्यात चढतो तिथे काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हातानं लावते आणि नंतर हात लावत नाही. नोंद वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. 32 जीबीच्या कार्डात तीसेक तास मावतात, एका उन्हाळ्याला ते पुरून उरतात. एमपी-3मध्ये जागा कितीतरी कमी लागते, पण त्यात कानाला फारसं ऐकू येणार नाही असं ठरवून काही भाग टाकून दिलेला असतो. काय टाकायचं हे एकदा फोननं माझ्यासाठी ठरवलं होतं, पुन्हा तो अधिकार मला कुणाला द्यायचा नव्हता.

सुरू करताना मी तारीख, गाव, घर आणि म्हणणाऱ्यांची नावं यंत्रात मोठ्यानं बोलते, आणि आजींना विचारते, “हे मी जपून ठेवू का? दुसऱ्यांना ऐकवलं तर चालेल का?” त्यांचं उत्तर त्याच फायलीत राहतं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोनसाठी मुद्रित झालं तेव्हा शेवटी त्यांनी आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगितलं होतं, परदेशात तबकड्या घडवणाऱ्यांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. ती सोय होती, पण तिच्यामुळे ते नाव गाण्यापासून सुटू शकलं नाही. माझ्या वह्यांत अशा कितीतरी ओव्या आहेत की त्या कुणी सांगितल्या हे मी तेव्हा लिहूनच ठेवलं नाही. ते आता भरून काढता येत नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री फायली संगणकावर, एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि मगच कार्ड पुसायचं. रात्री कितीही उशीर झाला तरी हे झाल्याशिवाय मी झोपत नाही.

फोनमध्ये जातं हरवलेल्या त्याच आजींकडे मागच्या चैत्रात पुन्हा गेले होते. घरात आता दळण गिरणीतूनच येतं. जातं राहिलं आहे ते लग्नात घाणा भरायला, हळद दळायला. आजींनी सुनेला सांगून ते कोपऱ्यातून ओढून घेतलं, पुसलं, शेरभर ज्वारी मागवली. सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, समोर बसल्या. आपल्याला ओव्या येत नाहीत, असं त्या मला दर वेळी सांगायच्या. “म्या फकस्त वडते खुंटा,” त्या म्हणाल्या. गोधडी, यंत्र, पातळी, नावं, परवानगी. आकडा पळायला लागला आणि मी मान वर केली.

पहिली ओवी देवाची झाली, मग आईबापाची, मग भावाची. घरी हेडफोन लावून ऐकताना सहाव्या-सातव्या मिनिटाला मला एक दुसरा आवाज ऐकू आला. फार हळू, ओळीच्या शेवटच्या दोनतीन अक्षरांपुरता. मी तिथे बसले असताना तो माझ्या कानावर आला नव्हता, मी आजींकडेच बघत होते. वहिनी गात होत्या. दगड त्यांच्या बाजूला वळला की आवाज यायचा, पलीकडे गेला की नाहीसा व्हायचा. शेवटच्या ओव्यांत तो जरा धीट झाला होता.

गाणं संपल्यावर मी लगेच बटण दाबलं नाही. दगड दोन-तीन फेरे आपल्याच जोरानं फिरला, घरघर पातळ होत गेली आणि थांबली. मग गायीची घंटा, कुठेतरी दूर एसटी. आजींचा श्वास. आणि आजी सुनेला म्हणतात, “येतंय की गं तुला. आता पीठ भर.”